नलूकाकूंच्या खिडकीतला दिवा

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचले. भूतबित मी मानत नाही... अजूनही नाही. पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

कर्वेनगरमधली आमची सोसायटी. सीमेवर युद्ध पेटलेलं, त्यामुळे रोज संध्याकाळी अर्धा तास दिवे घालवायचे होते. मी सेक्रेटरी, गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचो. लोक ऐकेनात, म्हणून त्या दिवशी मी बी विंगचा मेन स्विचच खाली ओढला.

तरी तिसऱ्या मजल्यावर नलूकाकूंच्या खिडकीत दिवा लागला. विझला, पुन्हा लागला... मला वाटलं, इन्व्हर्टर असणार. मी खालून ओरडलो, "काकू, शत्रूला पत्ता कळवताय का?" पार्किंगमध्ये जमलेले सगळे हसले. दिवा विझला. तो परत लागला नाही.

सकाळी कामवालीला काकू मेलेल्या सापडल्या. उशीने तोंड दाबलं होतं.

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टर मॅडम फार बोलायच्या नाहीत. काकूंचा भाचा आदल्या संध्याकाळी येऊन गेला होता. अंधारातच जिना उतरून खाली आला, तेव्हा मला भेटलाही होता. तो सांगत होता, मी निघालो तेव्हा मावशी टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघत होती. मॅडमनी मला एवढंच विचारलं, की मेन स्विच कधी पाडला. घरात त्यांना इन्व्हर्टर दिसला नव्हता, म्हणजे टीव्ही चालू असणं शक्यच नव्हतं. भाच्याने कबुली दिली — फ्लॅटसाठी.

मग मी मॅडमना दिव्याचं सांगितलं. त्यांनी वायरमन आणून घर पुन्हा तपासलं. इन्व्हर्टर नव्हताच. साधी टॉर्चसुद्धा नव्हती. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी दिवा पाहिला होता, पण आता कुणालाच नीट आठवेना. भाचा म्हणाला, खोलीत मिट्ट काळोख होता. माझं ओरडणं मात्र त्याने ऐकलं होतं.

"मग?" मी विचारलं.

मॅडमनी वहीत पाहिलं. "म्हणाला, ओरडणं ऐकून मी तोंडावरची उशी उचलली होती. वाटलं, आता कुणीतरी वर येणार. मग खाली सगळे हसले."

त्यांनी जबाबाचा कागद पुढे ओढला.

"दिव्याचं मला जबाबात लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या. "हसण्याचं लिहिते. सही करा."

वीज नसताना तो दिवा कसा लागला, हे मला आजही कळलेलं नाही. मी वर का गेलो नाही, ते कळतं. गळ्यात शिट्टी होती, माझ्या बोलण्यावर लोक हसत होते... आणि मला ते आवडत होतं.