सासऱ्यांचं नाव

घोडपदेवच्या आमच्या चाळीतून सासूबाई संयुक्त महाराष्ट्राच्या एकूण एक मोर्चाला गेल्या. साठी उलटलेली, गुडघे धरलेले, तरी पुढच्या रांगेत. अश्रुधुरानं सुजलेले डोळे घेऊन घरी यायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "कांदो चिरलो असा समज."

मग निवडणूक आली. माझं मतदानाचं वय अजून झालं नव्हतं. सासूबाई मात्र सकाळीच न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, चिठ्ठी कमरेला खोचून मला सोबतीला घेऊन शाळेतल्या केंद्रावर पोचल्या.

टेबलामागच्या अधिकाऱ्यानं यादीवर बोट ठेवून विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

सासरे जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांचं नाव सासूबाईंनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. रामनवमीलासुद्धा त्या 'पाळण्याची नवमी' म्हणायच्या. शेवटी त्यालाही तसंच सांगितलं, "नवमीक ज्येचो पाळणो हलयतत ना, ताच नाव."

तो हसला. "आजी, कोडी घालू नका. नाव सांगा, नाहीतर बाजूला व्हा."

हा काही परमुलखातला नव्हता. चांगला शुद्ध मराठी बोलणारा. त्याची आई घेत होती का त्याच्या बापाचं नाव? सगळं कळत होतं त्याला. मेल्याला मजा हवी होती.

आणि मी? सातवी पास, सासूबाईंना रोज पेपर वाचून दाखवणारी. नाव ओठांवर होतं. पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून खाली मान घालून उभी राहिले. कसली मेली ती रीत आणि कसली मी!

"पुढच्या या," तो म्हणाला.

मत न देताच आम्ही परतलो. रस्त्यात सासूबाई एवढंच बोलल्या, "तुया तरी नाव घेवक होया होता गो."

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. सासूबाईंनी आपला पेढा सासऱ्यांच्या तसबिरीपुढे ठेवला आणि त्यांचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, यादीत छापलं होतं तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतक्याच होता."

पुढच्या निवडणुकीला त्या नव्हत्या. त्याच शाळेत मला नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा मी ते असं सांगितलं की टेबलामागचा माणूस दचकला. "बाई," म्हणाला, "ओरडता कशाला?"