लाइन मुकी आहे, मामा

माझा मामा पाणीखात्यात गळत्या ऐकतो. हातात छातीएवढी लोखंडी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी वाटी. दुसरं टोक जमिनीतल्या पाण्याच्या चावीवर, म्हणजे व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. खाली कुठे लाइन फुटली असेल तर सळईतून आवाज चढतो. मग मामा म्हणतो, "बोलतेय." नसेल तर, "मुकी." या दोन शब्दांवर त्याने तीस वर्षांत अर्धं शहर खणायला लावलंय. खात्यात सगळे त्याला कानसेन म्हणतात.

यंदा तलावाचा तळ दिसायला लागला आणि पाणी चौथ्या दिवशी एक तास यायला लागलं, सकाळी सहा ते सात. पाण्याआधी नळातून नुसती हवा येते, म्हातारं माणूस जिना चढल्यासारखी. आई बादल्या सरकवत असायची आणि मामा नळाशी कान वाकडा करून उभा.

"दादा, अरे पाणी भर! ऐकतोस काय?"

मला आवाज काढता येतात. गळतीचे मामानेच शिकवले. बारीक भोक असेल तर 'सिस्स', सांधा निसटला असेल तर 'घूऽऽ'. सुट्टीत एका दुपारी मामा जेवून आडवा झाला होता. मी दाराआडून 'सिस्स' केलं. मामा ताडकन उठला आणि सळई घेऊन भिंत, न्हाणीघर, पिंप, चक्क कपड्यांचं कपाट ऐकत फिरला. हसून हसून माझं पोट दुखलं. आणखी दोनदा केलं, मग मला कंटाळा आला.

मामाचं मात्र थांबलं नाही. जेवताना घास हातात धरून म्हणायचा, "येतोय ना?" मग आई पंखा बंद करायची, मी फ्रिजचं बटण, आणि आम्ही तिघं श्वास धरून बसायचो. काहीच नसायचं. त्या काहीच नसण्याची मला भीती वाटायला लागली.

महिन्याभरात मामाने रस्त्यावर दोन ठिकाणी खडूची फुली मारली. दोन्ही खड्डे कोरडे ठणठणीत. खणणारे म्हणाले, "कानसेन, गुप्तधन शोधताय का? आमचा वाटा ठेवा हां!" साहेबांनी बोलावून घेतलं. साहेबांचं प्रत्येक वाक्य 'ओके'ला जाऊन आपटतं. "वय होतं माणसाचं, ओके? आता आणखी एक खड्डा कोरडा गेला तर सळई जमा करा आणि गोदामात बसा, ओके?" घरी मी त्याची हुबेहूब नक्कल केली. कुणी हसलं नाही.

टेकडीवरच्या वस्तीला तीन पाळ्या पाणी चढलं नव्हतं. मामाच्या मते पायथ्याच्या गल्लीत लाइन बोलत होती. पाळीच्या आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "उद्या चल माझ्याबरोबर. तुझे कान कोरे आहेत."

गल्लीत खणणारे आणि साहेब आधीच येऊन उभे होते. सहाला पाणी सोडणारा चावीवाला गल्लीच्या टोकावरून ओरडला, "सोडऽऽलंय!" मामाने वाटी माझ्या कानाला लावली. "मला काही सांगू नकोस. ऐकशील तेच तोंडाने काढ."

आधी हवा गेली. मग खोलवरून जाडसर आवाज आला आणि त्यात मधेच दात वाजल्यासारखे खडे. मी काढून दाखवला, "घूऽऽ, टक, घूऽऽ, टक-टक."

"परत." मी परत काढला.

"ऐकलास, की करतेस?"

मी वाटी कानावरून काढली. "मामा, सुट्टीत दाराआड मी होते."

"माहितीये. तुझ्या गळतीतून थुंकी उडते."

"मग कपाट कशाला ऐकलंस?"

"तू गप्प झालीस तरी आवाज येत होता." त्याने वाकून फुली मारली. "पण माझ्या कानातला बारीक आहे. हा घूऽऽ माझा नाही. खणा!"

कमरेएवढं खोल गेलं तरी माती कोरडीच. साहेब घड्याळ बघत होते. सातला पाणी बंद, मग लाइन फुटलेली असली तरी कुणाला दिसणार? पावणेसातला कुदळीचा आवाज बदलला. खच्च. माती काळी झाली, खडे उडाले आणि सांध्यातून पाणी उसळलं. गल्लीतल्या बायका पातेली, डबे, मिळेल ते घेऊन धावल्या.

"मानलं तुम्हाला, ओके?" साहेब म्हणाले. सळई मामाकडेच राहिली.

चावीवाल्याने चावी फिरवली. खड्डा निवांत झाला. गल्लीही. मामा मात्र मान तिरपी करून तसाच उभा.

"बंद केलीस ना रे?"

"केऽऽली."

"पक्की?"

त्याने सळई माझ्याकडे दिली. मी ऐकलं. "लाइन मुकी आहे, मामा."

"हो. मुकीच असणार."

घरी निघताना त्याने सळई परत घेऊन खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "तुझं ते सिस्स काढ बघू."

मी काढलं.

"अजून बारीक. अजून. हां, अगदी हाच. आता थांब."

मी थांबले. आम्ही चालत राहिलो. कोपऱ्यावर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"थांबलीस ना?"

"केव्हाच थांबले, मामा."