तिसरी बशी

परळच्या एका कॉलेजात शेवंताबाई काचेच्या बश्या धुवायची आणि बुरशीसाठी बटाट्याचं पाणी उकळायची. बुरशी कसली, तर भातावर पडणाऱ्या करप्याची. कोणतं अन्न मिळालं की करपा फोफावतो, हे पाळंदे सर शोधत होते. सर निरनिराळ्या क्षारांच्या पुड्या मोजून द्यायचे आणि ती एकेक पुडी एकेका बशीच्या पाण्यात विरघळवायची.

शेवंताबाई मुळातच डूख धरणारी. माहेरचं शेत करप्याने खाल्लं, तेव्हा घरातलं एक तोंड कमी व्हावं म्हणून घाईघाईने तिचं लग्न उरकून तिला लालबागला धाडलं होतं. आता नवरा गेल्यावर पोटासाठी त्याच मेल्या करप्याला ती जेवू घालत होती! तिसऱ्या बशीत, पांढऱ्या क्षारावर, तो नुसता माजायचा. तिला बघवेना. त्या पुडीतला अर्धा क्षार ती दरवेळी मोरीत टाकू लागली. तिसरी बशी बाकीच्यांसारखीच दिसू लागली, आणि आधीची वाढ सरांनी मापातली चूक समजून वहीतून खोडली. तेवढंच तिला समाधान.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला तिचा धाकटा भाऊ रघु गावाहून आला. तालुक्याला नवीन पांढरं खत मिळू लागलं होतं. ते घालावं की नाही हे सरांना विचारायला त्याने रुमालात मूठभर बांधून आणलं होतं. सरांनी चिमूटभर घेऊन निरखलं.

"हा तर आपल्या तिसऱ्या बशीतला क्षार. याने करपा वाढत नाही. खुशाल घाला."

शेवंताबाईला मोरीत टाकलेला क्षार आठवला. खरं सांगावं तर नोकरी जाणार. तिने रुमालाची गाठ बांधून तो रघुच्या हातात दिला. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसवताना एवढंच म्हणाली, "रघ्या, ता खत थोडाच घाल."

"सायबापेक्षा तुका जास्त कळता?" रघु हसला.

दिवाळीनंतर तो ट्रंक घेऊन तिच्या दारात उभा राहिला. गुडघाभर तरारलेलं भात करप्याने नेलं होतं, लोंब्यांत दाणा भरलाच नव्हता. आता तो रोज गिरणीच्या दाराशी, गैरहजर कामगाराच्या जागी बदली काम मिळेल म्हणून, उभा राहणार होता. ज्या शेतासाठी तिला घराबाहेर काढलं, ते आता पडीक राहणार होतं.

शेजारची सुंदराबाई काय झालं ते विचारायला आली, तेव्हा रघु गॅलरीत बसून अभिमानाने सांगत होता, "माझ्या बायन सांगलेला, थोडाच घाल म्हणान. मियाच आयकूक नाय. तिच्याएवढी शाणी आमच्यात कोण नाय."

पुढे शेवंताबाई वारेपर्यंत तो येईल त्याला हेच सांगत राहिला. आणि ती दरवेळी काहीतरी धुवायचं राहिलंय म्हणून उठून मोरीवर जायची.