सासऱ्याचं घड्याळ, माझे काटे

माझ्या सासऱ्यानं लग्नात नकली घड्याळ देऊन मला फसवलं, हे मी बायकोला बेचाळीस वर्षं ऐकवलं. रोज नाही. सणावाराला सुट्टी द्यायचो.

आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत नवरदेवानं रुसायचं असतं. ताट वाढलेलं, सगळं वऱ्हाड बघतंय, आणि नवरदेव घासाला हात लावत नाही. मग सासरा येऊन विचारतो, "काय पायजे जावईबापू?" मित्रांनी मला सायकल माग म्हणून पढवून ठेवलं होतं. पण ऐन वेळी नजर सासऱ्याच्या मनगटावर गेली आणि तोंडातून निघालं, "घड्याळ." सासरे रिहे गावचे, भातशेतीवाले. त्यांचा भाऊ मुंबईला गोदीत कामाला होता, त्यानं आणून दिलेलं विलायती घड्याळ ते घालायचे. त्यांनी एक शब्द न बोलता ते काढलं आणि माझ्या हातावर बांधलं. मी जिलबी उचलली. (लगोलग दुसरी पण उचलली. रुसायचं म्हणून सकाळपासून उपाशी होतो.)

तर हे घड्याळ दिवसभरात वीस मिनिटं मागं पडायचं. सकाळी रेडिओवर लावायचं आणि दुपारनंतर बघताना मनातल्या मनात वीस मिनिटं मिळवायची, अशी मला सवयच लागली. मिळवायचं विसरलो की पौडाची एसटी गेली. मग मी पाय आपटत घरी यायचो.

"तुझ्या बापाच्या घड्याळानं गाडी चुकली."

हौसा, म्हणजे माझी बायको, चुलीपुढनं मान वर न करता म्हणायची, "घड्याळानं न्हाई चुकली. मिशीला तेल लावत बसला, म्हून चुकली."

पुढं गावातल्या मास्तरांनी एकदा घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, "अहो, ह्याच्या तोंडावर एका कंपनीचं नाव आहे आणि मागच्या झाकणावर दुसऱ्याच कंपनीचं." मी चौथी शिकलेला, इंग्रजी मला म्हशीला वाचून दाखवण्याइतकंच येतं. पण आता पुरावा हातात आला होता. त्या दिवशी मी एसटी न चुकताही पाय आपटत घरी आलो.

"तोंडावर एक नाव, पाठीवर दुसरं. असला हाय तुझा बाप."

"माझा बाप कुणाला नकली द्यायचा न्हाई. खोलून बघा एकदा."

"खोलायचं कशाला? वरनंच दिसतंय."

हे एवढंच भांडण आम्ही बेचाळीस वर्षं घातलं. शब्दसुद्धा बदलले नाहीत. मागल्या साली हौसा गेली. जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तिला धाप लागली होती, पाणी मागायला त्राण नव्हतं. पण मला वाकायला लावून म्हणाली, "घड्याळ खोलून बघा. माझ्या बापाला नावं ठिवत माझ्यामागं वर येऊ नका."

ती गेली आणि घरात भांडायला कुणी उरलं नाही. लेक-सून पुण्यात. मी फोटोपुढं बसून दोन-तीनदा तेच भांडण काढून बघितलं, पण एकट्याला जमत नाही. (दोन्ही बाजूंनी मीच बोलत होतो, तरी हरत होतो.) तेव्हा ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत हे घड्याळ खोलायचं. काय असेल ते असो. बाईनं जन्मात एक गोष्ट मागितली होती.

पौडाच्या घड्याळवाल्याकडं गेलो. तो कधीच वारला होता, दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. तिथनं लवळ्याला गेलो. तिथं कॉलेजच्या पोरांसाठी एक दुकान आहे, काचेत इतकी चकचकीत घड्याळं की डोळे दिपावेत.

दुकानदारानं विचारलं, "काका, हे ओरिजनल की कॉपी?"

"तेच तुला इचारायला आलोय."

"मला ओरिजनल ओळखता येत नाही. मी कॉपीच विकतो."

एवढा खरा बोलणारा व्यापारी मी पहिल्यांदा बघितला. त्यानंच सांगितलं की जुन्या घड्याळांची जाणकार एक बाई कासार आंबोलीत, म्हणजे आमच्याच गावात राहते. मी कपाळावर हात मारला. बापट बाई! माझ्या बांधाला लागून त्यांचा बंगला. पुण्यातनं रिटायर होऊन आलेल्या, दिवसभर ओसरीवर डोळ्याला भिंग लावून बसायच्या. मी आजवर समजत होतो तांदूळ निवडतात.

तेवढ्यात मी एक घोडचूक केली. मेहुण्याला फोन केला. नामा, हौसाचा धाकटा भाऊ, रिह्याला असतो. म्हणालो, "नामा, तुझ्या बापाचं घड्याळ उद्या तपासायचं हाय."  तो म्हणाला, "दाजी, मी यितो. बाबांच्या इज्जतीचा सवाल हाय. आन नकली निघालं, तर वर्षश्राद्धाला मी तोंड दाखवायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी नामा धुवट टोपी घालून हजर. आम्ही दोघं बापट बाईंच्या टेबलापुढं असे बसलो, जणू रक्ताचा रिपोर्ट यायचाय. बाईंनी झाकण काढलं, भिंग लावलं आणि आत डोकावल्या.

"मशीन स्विस आहे. एकदम अस्सल. झाकणावरची कंपनी आणि मशीनवरची कंपनी एकच."

नामानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"मग तोंडावर दुसरं नाव कसं काय?" मी म्हणालो. पुरावा असा सोडतो होय मी.

बाईंनी चिमट्यानं डायल उचलली. "कारण ही डायल ह्या घड्याळाची नाहीच. हे बघा, मागचे पाय, म्हणजे डायल बसवायचे बारीक खिळे, कापून डिंकानं चिकटवलीय. काटेही बाहेरचे आहेत, जाड, रेडियमचे. ते एकमेकांना घासतायत. घड्याळ मागं पडत असेल ना?"

"वीस मिनटं," नामा म्हणाला. त्याला पाठ होतं. रिह्यात सगळ्यांनाच पाठ होतं.

"कुणीतरी नंतर हे उद्योग केलेत. चांगल्या घड्याळाचा सत्यानाश. कोण होता हा शहाणा?"

 आणि तेव्हा मला पौडाचा बाजार आठवला. लग्नाला दोन महिने झालेले. सासऱ्यानं दिलेल्या घड्याळावर आकडे नव्हते, नुसत्या बारीक रेघा. कुणी वेळ विचारली की मला सांगता येईना. मी हात पुढं करून म्हणायचो, "तुमीच बघा की." चार लोकांत लाज जायला लागली. म्हणून घड्याळवाल्याला सांगितलं, मोठ्या आकड्यांचं तोंड बसव आणि अंधारात चमकणारे काटे घाल. हौसा शेजारी उभी होती.

ती म्हणाली, "बाबांनी दिलंय तसं राहू द्या की."

मी म्हणालो, "तुला काय कळतंय? आन हे कुणाला बोलू नकोस. तुझ्या बापाला वाईट वाटंल."

ती कुणाला बोलली नाही. मला सुद्धा नाही. मी बेचाळीस वर्षं तिच्या बापाचा उद्धार केला आणि ही बाई 'खोलून बघा' एवढंच म्हणत राहिली. आणि मी पठ्ठ्या, माझ्या हातानं केलेल्या घाणीचा पुरावा सासऱ्याच्या नावानं नाचवत फिरलो.

"दाजी," नामा हळूच म्हणाला, "घाम का आलाय?"

मी सगळं सांगितलं. नामा उठला, टोपी झटकली आणि चहा न घेता निघून गेला. बापट बाईंनी भिंग काढून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "मूळ डायल आणि काटे मिळाले तर हे पहिल्यासारखं करून देते. पण चाळीस वर्षांनी कुठले मिळायला?"

घड्याळवाल्यानं जुनी डायल आणि काटे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले होते. ते मी हौसाला दिले होते. "टाकून दे" म्हणालो होतो.

हौसानं जन्मात काही टाकलं नव्हतं. मी घरी जाऊन मांडणीवरचे डबे खाली काढले. तीन दिवस घर उलटं केलं. फुटक्या बांगड्या सापडल्या, लेकाचं जावळ सापडलं, माझा पडलेला दात सापडला (मलाच माहीत नव्हतं की तो जपून ठेवलाय). चौथ्या दिवशी लग्नातल्या शालूच्या घडीत औषधाची डबी सापडली. आत पांढरी डायल, बारीक रेघांची, आणि दोन नाजूक काटे. मी तिथंच शालूवर बसून राहिलो. थोडा वेळ गेला त्यात. किती, ते सांगता येणार नाही, घड्याळ बाईंकडं होतं.

वर्षश्राद्धाला रिह्याची सगळी माणसं आली. नामाही आला. पंगत बसली, पत्रावळीवर भात वाढला, आणि नामा हाताची घडी घालून बसला. घासाला हात लावेना.

मी पुढं गेलो. "काय झालं नामा?"

"रुसलोय."

"काय पायजे?"

"तुमाला ठावं हाय."

 मी बापट बाईंनी नीट करून दिलेलं घड्याळ मनगटावरनं काढलं आणि त्याच्या हातावर बांधायला लागलो. त्यानं हात मागं ओढला.

"घड्याळ नगो. ते अक्काच्या नवऱ्याचं हाय. बोला."

मग मी बोललो. मोठ्यानं, चुलत्या-मावश्यांना ऐकू जाईल असं. "सासऱ्यानं अस्सल दिलं हुतं. त्यात नकली म्या घातलं."

नामानं भात कालवला. फोटोतली हौसा नेहमीसारखीच बघत होती, जसं काही तिला हे आधीपासून ठाऊक होतं. होतंच की.

आता घड्याळ मिनिटभरही मागं पडत नाही. पण रेघांवरनं वेळ अजून मला नीट वाचता येत नाही, आणि जुनी सवय म्हणून वर वीस मिनिटं मी मिळवतोच. त्यामुळं एसटीच्या थांब्यावर मी आता सगळ्यांच्या आधी जाऊन उभा असतो. गाडी कधी चुकत नाही. आणि उद्या चुकलीच, तरी कुणाच्या बापाला नावं ठेवायची सोय माझ्याकडं उरलेली नाही.