बाहेर बसलेला बाप

चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मास्तरांनी खडूनं फरशीवर मोठं तारू काढलं. नोहाचं तारू. म्हणाले, हीच ख्रिस्तसभा, आपलं चर्च. जो आत तो तरला, जो बाहेर तो बुडाला. मग आम्हा सगळ्या पोरांना त्या रेघेच्या आत उभं केलं. दाटीवाटीनं उभे राहिलो. मला मजा वाटत होती. पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा दिवस, जवळ आलं होतं, मायनं पांढऱ्या फ्रॉकचं कापड आणून ठेवलं होतं.

मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं.

"तू आत हायेस. तुझा बाप कुठं हाय?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. आबा फाटकाजवळ लिंबाखाली बसला होता. दर रविवारी तिथंच बसायचा. मायला आणि मला सायकलवर घेऊन यायचा, आतली मिस्साची उपासना संपेपर्यंत बिडी ओढत थांबायचा आणि परत न्यायचा. खांद्याला हलगी असायची, कारण दुपारी कुठंतरी वाजवायला जायचं असायचं.

"बाहेर," मी म्हणाले.

"मंग त्याचं काय होणार? बोल. मोठ्यानं बोल."

"आबा बुडणार."

"शाब्बास."

पोरं हसली. मिशन कंपाउंडातल्या एका मुलीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही हसले. हसले कसली, तोंड तसं झालं होतं. परत जाताना आबानं विचारलं, "आज काय शिकवलं गं?" मी म्हणाले, काही नाही. सायकलच्या दांडीवर बसले होते, त्यामुळं त्याला माझं तोंड दिसलं नाही.

आम्ही जालन्याजवळच्या एका खेड्यातले, मांगवाड्यातले. माझ्या बाळंतपणात माय मरता मरता वाचली ती मिशनच्या दवाखान्यात. सिस्टरांनी तिला जगवलं, मग तिनं बाप्तिस्मा घेतला आणि मलाही दिला. मनापासून घेतला. तिची श्रद्धा पक्की होती, त्यात खोट नव्हती. पण शहरातल्या मिशन कंपाउंडमध्ये राहणारे जुने ख्रिस्ती होते, तीन पिढ्यांचे, शाळेत नोकऱ्या असलेले. ते आम्हाला 'नवे लोक' म्हणायचे. माय म्हातारी झाली तरी नवीच राहिली. नवे म्हणजे कोण, हे सांगावं लागत नव्हतं. चहाला आमचे कप वेगळे नसायचे, तेवढे ते हुशार होते. फक्त आमचं पिऊन झालं की सगळेच कप आमच्या बायकांपुढं धुवायला यायचे.

मास्तर त्याच कंपाउंडातले. धर्मशिक्षण तेच द्यायचे, गायनाला पेटी तेच वाजवायचे.

आबाही एकदा बाप्तिस्मा मागायला गेला होता. हे मायनं मला सांगितलं. मास्तरांनी विचारलं, हलगी कुठं कुठं वाजवतोस? आबा खोटं बोलायचा नाही. म्हणाला, लग्नात, मयतीला, पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत देवीपुढं. मास्तर म्हणाले, "मंग आधी ती हलगी फोड. फाटकात फोड, सगळ्यांदेखत. मंग आत ये."

आबानं हलगीकडं बघितलं. तिच्यावर घर चालत होतं. त्याच्या बापानं ती त्याच्या हातात दिली होती. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मंग, मास्तर." आणि लिंबाखाली जाऊन बसला. तो बसला तो बसलाच.

मास्तरांची पेटी शनिवारी मारुतीच्या भजनाला जायची. भाड्यानं. तिला कुणी फोड म्हणालं नाही.

पुढं माझं लग्न झालं, नवरा लवकर गेला, पोराला घेऊन मी माहेरी आले. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लांटमध्ये लागले. पट्ट्यावरून बी सरकतं, खराब बी आम्ही बायका वेचून काढतो. बियाण्याला लावतात ते गुलाबी औषध बोटांवरून काही केल्या जात नाही. चर्चमध्ये हात पुढं करून ख्रिस्तप्रसाद घ्यायचे, तेव्हा लोकांची नजर तळव्यावर जायची. मी हात मागं घ्यायचे नाही. पण मान खाली असायची.

माय गेली तेव्हा तिला ख्रिस्ती कब्रस्तानात जागा मिळाली. आबा तिथंही फाटकापर्यंतच आला. सगळे गेल्यावर आत गेला, मातीवर हात फिरवला आणि मला म्हणाला, "मला बी हितंच टाक. हिच्या बाजूला. दुसरं काय बी नको."

त्यानं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात आबाला लकवा मारला. दवाखान्यात त्याला कशाचीच शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. मी कमिटीकडं निरोप पाठवला: बापाला मायशेजारी पुरायचं आहे. कब्रस्तानाची कमिटी म्हणजे आता मास्तरच. थकले होते, काठी लागली होती, पण अध्यक्ष होते.

दुपारी मास्तर स्वतः आले. हातात पाण्याची बाटली. आबाकडं बघितलं, डोळ्यांपुढं हात हलवून बघितला.

"बिलकुल शुद्ध न्हाई?"

"न्हाई."

"बेस झालं," मास्तर म्हणाले. "आता काही म्हणणार न्हाई तो. तूच टाक पाणी. मरणाच्या वक्ताला कुणीबी बाप्तिस्मा देऊ शकतं, शिकवलेलं हाय तुला. शब्द पाठ हायेत ना? टाक जल्दी. मंग कमिटीला मी बघतो. दोघं नवराबायको जवळ जवळ. आणि तरला बी."

बाटली त्यांनी माझ्या हातात दिली.

मला काही वाटत नव्हतं. हे मी आज सांगते तेव्हाही मला नवल वाटतं. रडू नाही, राग नाही. पट्ट्यावर आठ तास उभं राहिल्यावर पाय असतात तसं सगळं अंग झालं होतं. शब्द पाठ होते. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या. तीन वेळा पाणी टाकायचं, संपलं. आबाला कळणारही नव्हतं. त्याला हवं होतं ते मिळणार होतं. मी झाकण काढलं.

आबाचं तोंड अर्धं उघडं होतं, ओठ फाटले होते. मी त्याच्याकडं बघत राहिले. हा माणूस इतकी वर्षं फाटकाशी बसला. उन्हात बसला, पावसात बसला. त्याला आत यायचं होतं, आणि ज्या अटीवर बोलावलं ती त्याला मान्य नव्हती. एवढंच त्याचं स्वतःचं होतं, ते नाही म्हणणं. आणि आता तो पडलाय हे बघून आम्ही ते काढून घेणार होतो. झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालतात तसं.

मी कापूस भिजवला. त्याचे ओठ पुसले. झाकण लावलं आणि बाटली मास्तरांना परत दिली.

"काय करून राह्यली तू?" मास्तर म्हणाले.

"शुद्धीत व्हता तवा त्यो न्हाई म्हणलाय, मास्तर."

"मंग जागा भेटणार न्हाई. बराबर समज. आणि बुडंल तो. तुझ्यामुळं."

"तुम्ही जा आता," मी म्हणाले.

मास्तरांना 'जा' म्हणणारी आमच्यातली मी पहिलीच असेन. ते गेले. मला हलकं वगैरे वाटलं नाही. आबाला दिलेला शब्द मी मोडला होता, आणि ते मला कळत होतं. संध्याकाळी आबा गेला.

ओढ्याकाठी मांगवाड्याची जागा आहे, तिथं पुरला. मायपासून लांब.

त्यानंतर नवीन फादर घरी आले. तरुण आहेत, माणूस चांगला आहे, खाली सतरंजीवर बसले. मी सरळ विचारलं, "फादर, माझा बाप बुडाला का?"

ते दचकले. म्हणाले, "नाही ताई, ख्रिस्तसभा असं शिकवत नाही. ज्याला स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो, चांगलं वागतो, त्याचंही तारण होऊ शकतं."

"आबाला ठाऊक व्हतं सगळं. दर रविवारी घंटा ऐकायचा."

फादर म्हणाले, "त्यांना जे दाखवलं तो ख्रिस्त होता का, हे देवच जाणे. दोष त्यांचा होता असं मी म्हणणार नाही."

"हे नवीन निघालंय का?"

"नाही. तुमच्या जन्माच्याही आधीपासून आहे."

"मास्तरांना ठाऊक व्हतं?"

फादर सतरंजीकडं बघत म्हणाले, "धर्मशिक्षकांच्या शिबिरात शिकवतात सगळ्यांना."

मागच्या सालचं मेलेलं बी नव्या थैलीत भरून द्यावं, तसं मास्तरांनी आम्हाला जुनंच शिकवणं दिलं. कंपाउंडातल्यांसाठी दया होती, आमच्यासाठी पूर. मी विचारलं, मग आता आबाला मायशेजारी आणता येईल का? फादर म्हणाले, धर्माची तशी आडकाठी नाही, पण कमिटीचा नियम आहे, मी बोलून बघतो. अजून बोलूनच बघतायत.

लोकांना वाटलं मी चर्च सोडणार. कशाला सोडू? ते मास्तरांच्या बापाचं नाही. मी दर रविवारी जाते, पुढच्या बाकावर बसते. गुलाबी हात पुढं करते आणि मान वर ठेवते. माय ज्या येशूला धरून जगली त्याला मीही धरलंय. पण माझा बाप बुडाला असं मी पुन्हा कुणासमोर म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या लेकराला म्हणू देणार नाही. मास्तरांना तोंडावर सांगितलंय, सगळ्या कमिटीसमोर.

आणखी एक सांगितलंय. कब्रस्तानात मायच्या बाजूची जागा माझ्या नावानं धरू नका. माझा बाप्तिस्मा झालेला आहे, मी ख्रिस्ती म्हणूनच मरणार. पण मला ओढ्याकाठी आबाशेजारी पुरायचं. पोराला बजावून ठेवलंय. माझ्यावर प्रार्थना म्हणायची असेल तर फादर येवोत, मास्तर येवोत, सगळी कमिटी येवो. वाट मांगवाड्यातूनच आहे. चालत यावं लागेल.