सासूबाईंच्या नकाशात मोटरवे नव्हता

मी पुण्याचा आहे. कुठेही जायचं ठरलं की माझ्या तोंडून आधी ‘आपण आतून जाऊ’ हे निघतं आणि मग मी पत्ता विचारतो. आयर्लंडला येऊन सात वर्षं झाली, पोर्टलीशमध्ये घर घेतलं, तरी खोड गेलेली नाही. इथे आतून गेलं की बहुतेक वेळा आपण कुणाच्या तरी गोठ्यापाशी पोचतो. मग तो शेतकरी एक बोट वर करून ओळख दाखवतो आणि मी गाडी वळवतो. बायको सरकारी हॉस्पिटलात इमर्जन्सीची डॉक्टर आहे. रस्त्यांबद्दल तिचं मत एका शब्दात मावतं. तो शब्द म्हणजे मोटरवे.

त्या हिवाळ्यात सासूबाई यवतमाळकडून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. हिमवर्षाव, हिमरेषा, हिमनदी सगळं तोंडपाठ, पण बर्फ पाहिलेला फक्त फ्रीजमधला आणि रसवंतीवरचा. विमानतळावरून घरी येतानाच त्या म्हणाल्या, “जवाईबापू, बाकी काही नाही दाखवलं तरी चालते. बर्फाले एकडाव हात लावून पाहाचा आहे मले.”

मी उत्साहात बोलून गेलो, “आई, तुम्हाला स्की रिसॉर्टलाच नेतो.”

बोलून गेलो आणि मग शोधलं. डब्लिनच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी स्की शिकवतात हे खरं होतं. पण तो उतार प्लास्टिकचा होता, जमिनीवर पांढऱ्या ब्रशांची सतरंजी अंथरल्यासारखा. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र तिथेच शिकायचं होतं, म्हणून मी तिचा क्लास बुक केला आणि ब्रशांची गोष्ट गिळून टाकली. मनात म्हटलं, तीन महिन्यांत एकदा तरी बर्फ पडेलच. तीन महिने पाऊस पडला. मंगळवारी सासूबाईंचं परतीचं विमान होतं आणि त्याआधीच्या शनिवारी क्लास.

त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि विकलोच्या डोंगरांवर बर्फ पडल्याची बातमी आली. मला एकदम हायसं वाटलं. क्लासला डोंगरावरून जायचं, वाटेत सासूबाईंचा हात खऱ्या बर्फाला लावायचा, मग पुढे प्लास्टिक दिसलं तरी कोण बोलणार? अडचण एकच, की हे खरं कारण बायकोला न सांगता तिला डोंगराचा रस्ता पटवायचा होता.

“मोटरवेवर काम चालू आहे म्हणे,” मी शुक्रवारी जेवताना सहज म्हणालो.

तिने फोन पाहिला. “कुठेही काम चालू नाही.”

“डोंगरावरून गेलं तर जरा सीनरी चांगली आहे.”

“तू कधीपासून सीनरी बघायला लागलास?”

शेवटी मी मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला आणि पंधरा मिनिटांत सहा रस्ते आले. सगळ्यात ठाम उत्तर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कासलबार गावात राहणाऱ्या एका डॉक्टरांचं होतं. ते त्या भागात कधीही गेलेले नव्हते. मलिंगारच्या एकाने थेट ऑस्ट्रियाला जायचा रस्ता पाठवला, बोटीसकट.

शनिवारी सकाळी चहाच्या टेबलावर आमचे दोन फोन समोरासमोर होते. तेवढ्यात सासूबाईंनी मध्ये एक भलामोठा कागद पसरला. जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून आणलेला नकाशा होता, घड्यांवर फाटलेला, समोच्च रेषांनी भरलेला.

“आई, हा किती जुना आहे. यात मोटरवेच नाहीये,” बायको म्हणाली.

“मोटरवे मानसायनं केला, बेटा. डोंगर काही हलले नाही.” त्यांनी चष्मा वर केला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. “हे पाह्य. इथं रेषा जवळजवळ आल्या, म्हंजे उभा उतार. आन तोंड उत्तरेले. हिवाळ्यात ऊन इकडं फिरकतच नाही. बर्फ राहीन तं इथंच राहीन.”

“म्हणजे रस्त्यावरही राहील,” बायको म्हणाली. “आणि असल्या रस्त्यावरून घसरलेले लोक नंतर मनगट धरून माझ्यापुढे बसतात. मोटरवेने जायचं.”

मी नकाशाच्या बाजूने दोन शब्द बोललो, ते कुणी ऐकले नाहीत. बाहेर गाडीच्या काचेवर दहिवर गोठलं होतं, ते खरवडलं. सासूबाईंनी प्रवासाला निघायचं म्हणून मीठ-मोहरी गाडीवरून ओवाळली आणि दारातल्या घसरड्या फरशीवर टाकली. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठच टाकतात, त्यामुळे मुलगी म्हणाली, “ग्रँड, आजी, पण मोअर सॉल्ट.” आणि मोटरवेने निघालो. तासभराचा रस्ता मला दहा मिनिटांचा वाटला.

मुलगी क्लासला पळाली. बायको तिचे बूट बांधायला गेली. कठड्यापाशी मी आणि सासूबाई दोघेच उरलो. समोर तो उतार होता. त्यावरून पोरं खर्रखर्र आवाज करत खाली येत होती आणि वर नळातून पाण्याचा फवारा उडत होता. सासूबाई कठड्यावरून वाकून ते ब्रश निरखत होत्या. मला खरोखर लाज वाटत होती. आपल्या एका फुशारकीपायी म्हाताऱ्या माणसाला तीन महिने झुलवत ठेवलं, ही गोष्ट काही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

“आई, मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं,” मी म्हणालो.

“हे तं बाटली धुवाच्या ब्रशासारखं दिसते,” त्या म्हणाल्या. “फोटोत एवढं समजलं नव्हतं.”

“कुठल्या फोटोत?”

“पोरीनं दाखवला होता नं. दोन हप्ते झाले.”

दोन आठवडे. म्हणजे मी मोटरवेवर काम काढलं, सीनरी काढली, तेव्हा या बाई शेजारी बसून भाकरी मोडत होत्या. मी विचारलं की तेव्हाच का बोलल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमी काय काय सांगता ते पाहून राह्यली होती. आता असं करा. परतीचा रस्ता माझा. लेकीले तुमी पटवा.”

पटवायचं म्हणजे सगळं कबूल करणं आलं. मी बायकोला गाठून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती इतकी हसली की शेजारच्या आयरिश आज्जी तिला पाणी हवंय का विचारायला आल्या. हसून झाल्यावर तिने अटी घातल्या: गाडी ती चालवणार, मीठ टाकलेल्या रस्त्यापुढे जायचं नाही, आणि मी मागे बसून एकही रस्ता सुचवायचा नाही. मी मान डोलावली.

क्लास संपल्यावर दुपारच्या उन्हात डोंगर चढायला लागलो. दोन्ही बाजूंना तपकिरी माळ, मेंढ्या, लखलखीत आकाश आणि बर्फाचा पत्ता नाही. सासूबाई पुढच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा वळणांवर खुणा करत होत्या. मग समोरून एक जीप आली आणि थांबली. आतल्या शेतकऱ्याने काच खाली करून बायकोला बरंच काही ऐकवलं.

“काय म्हनते?” सासूबाईंनी विचारलं.

“पुढे रस्ता काचेसारखा झालाय, म्हणतोय. जाऊ नका.” बायकोने आईकडे पाहिलं. “आई, सॉरी. इथून परत फिरू या.”

मागे मी दोन्ही ओठ दाबून बसलो होतो. सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी नकाशा नाकाजवळ नेला आणि रेषा मोजल्या. “ते जंगलाचं फाटक दिसते नं, तिथं गाडी लावाची जागा आहे. त्याच्या मांगं टेकडीचं उत्तरेचं अंग. पायी दहा मिनिट.”

“आतून,” माझ्या तोंडून निघालंच.

पायवाटेवर चिखल होता, गोठून दगडासारखा झालेला. बायकोने आईचा एक हात धरला, मी दुसरा. मुलगी पुढे पळत होती. टेकडीला वळसा घातला तसं ऊन गेलं आणि हवा एकदम गार झाली. मुलीने ओरडून हाक मारली. दगडी बांधाच्या कडेला, सावलीत, एका साडीच्या पदराएवढा पांढरा पट्टा उरला होता. सासूबाईंनी गाडीत नकाशावरून सांगितलं होतं, बरोबर तिथे.

सासूबाईंनी आमचे हात सोडवून घेतले. हातमोजा काढला, गुडघ्यावर बसल्या आणि पूर्ण पंजा त्या पांढऱ्यात दाबला. आम्ही फोन काढून उभे होतो, पण त्या फोटोसाठी हसेनात. स्वतः लिहिलेल्या उत्तरात चूक सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“जवाईबापू, हे मऊ नाही,” त्या म्हणाल्या. “कुरकुरते. आन चटका बसते हाताले.”

“आई, हा दोन-तीन दिवसांचा आहे. ताजा पडलेला मऊच असतो.”

“तुमी पाह्यला ताजा?”

“नाही. म्हणतात तसं.”

“मंग म्हनू नका,” त्या म्हणाल्या. “मी बी एकतीस वर्ष तसंच म्हनलं.”

बायको त्यांना उठवायला वाकली, पण अजून थोडं थांबू दे म्हणून त्यांनी तिलाच दटावलं. पंजा लाल झाला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी हातमोजा घातला नाही. ओल्या, लाल बोटांनी फोन काढला, नावांची यादी वरपासून चाळली आणि पहिल्याच जुन्या विद्यार्थ्याला लावला. तिकडून पन्नाशीतला, भारदस्त आवाज आला, “बोला मॅडम.”

“वही आहे का जवळ?” सासूबाई म्हणाल्या. “नाही? मंग कागद घे. सातवीत मी बर्फाचं लिहून देल्लं होतं, ते खोड. आता सांगतो ते लिही.”