राख चाळणाऱ्या बाई

विमानतळावर उभं असलेलं मालवाहू विमान अचानक पेटलं. दोन्ही वैमानिक खिडकीतून दोरीने उतरले आणि वाचले. पण त्यातला माल मी चढवला होता. एखादी पेटी माझ्याच हातून चुकीची ठेवली गेली असेल का, या विचाराने महिनाभर मी घरी कुणाशी धड बोललो नाही.

आज चौकशी अधिकारी बाईंनी मला जळक्या सांगाड्यापाशी बोलावलं. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"काका, आग वैमानिकांच्या खुर्चीमागच्या वायरीतून लागली. तुमच्या पेट्यांपर्यंत ती नंतर पोचली."

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. ही बाई रोज राख चाळत होती, म्हणून मी सुटलो. आणि इतके दिवस मी तिलाच घाबरत होतो.